अंगठ्याचे खळगे

बालवाडीला सुट्टी लागली की मातीचा डबा आमच्या घरी यायचा. कुलूप लावलेल्या खोलीत मातीकडे बघणार कोण? आणि माती वाळली की तिचा दगड होतो. म्हणून माझी ही, तिथली बाई, डबा घरी आणायची आणि मागच्या खोलीत खिडकीखाली ठेवायची. घट्ट झाकणाचा, पातेल्याएवढा डबा. आत संत्र्याएवढे मातीचे गोळे, प्रत्येक गोळ्याच्या डोक्यावर अंगठ्याने पाडलेला खळगा, खळग्यात पाणी आणि वर ओलं फडकं. माती ते पाणी हळूहळू पिते आणि मऊ राहते. चार-पाच दिवसांनी पुन्हा पाणी घालायचं, एवढंच काम.

या सुट्टीतही डबा आला. सुट्टी अर्धी झाली आणि ही तापाचं निमित्त होऊन गेली.

माणसं आली, गेली. मुलगी राहिली, मग तिलाही तिचं घर होतं. एका दुपारी मागच्या खोलीत गेलो आणि डबा दिसला. झाकण काढलं, फडकं उचललं. पाणी आटलं होतं, त्यामुळे खळगे स्वच्छ दिसत होते. अरुंद, खोल, जरासे डावीकडे कललेले. ही कोपर अंगाला चिकटवून अंगठा दाबायची, म्हणून तसे. तळाशी नखाची बारीक कोर उमटलेली. मी पाणी ओतलं. प्रत्येक खळग्यात एक खिडकी आली. वारा सुटला की सगळ्या खिडक्या एकदम हलायच्या.

मग मी रोज दुपारी तिथेच चटई टाकायला लागलो. झोप यायची नाही आणि जागही धड असायची नाही. मधेच कुठेतरी असायचो. पलीकडे ही मुलांशी बोलतेय असं वाटायचं. "हळू ओत. सांडलं तर फडकं आहे." तिचं नेहमीचं वाक्य. मुलांनाही तेच, मलाही तेच. मी डोळे न उघडता ऐकत पडायचो. उघडले की आवाज बंद व्हायचा, हे मला कळलं होतं.

मी खिडक्यांना काचा बसवतो. जन्मभर पुट्टी दाबून माझा अंगठा चमच्यासारखा चपटा झालाय. एकदा मी हिला गोळे करू लागलो होतो. माझा खळगा बघून म्हणाली, "अहो, हा खळगा आहे की हौद? पोरं बुडतील त्यात." आणि तो गोळा मोडून पुन्हा वळला. तेव्हापासून मी फक्त डबा उचलायचा.

बालवाडी उघडायच्या आधी दोघी घरी आल्या. एक तिथली मावशी, हिच्यासोबत म्हातारी होत आलेली. दुसरी नवी ताई. पहिलीच नोकरी, चेहऱ्यावर पोरांपेक्षा जास्त भीती.

"पहिला आठवडा पाटी-पेन्सिल काही नाही, काका," ताई म्हणाली. "तांब्यातून पेल्यात पाणी ओतायचं, चमच्याने वाटाणे या वाटीतून त्या वाटीत टाकायचे, मणी ओवायचे, स्वतःचा पेला धुवायचा. आणि माती."

"बाई म्हणायच्या," मावशी म्हणाली, "रडणाऱ्या पोराला शब्द देऊ नका, काम द्या. हात गुंतले की डोळे सुकतात."

"डबा न्यायला आलोय," ताई म्हणाली.

"जड आहे," मी म्हणालो. "मीच आणून देतो."

खोटं नव्हतं ते. डबा जडच होता. पण मावशी जाताना माझ्याकडे वळून बघून गेली आणि चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं.

माती मुलांच्या हाती गेली की पहिल्याच दिवशी सगळे खळगे जाणार. कोणी साप करेल, कोणी पोळी थापेल. मला ते नको होतं. दुसऱ्या दिवशी मी कुंभाराकडून नवी माती आणली. हिचे गोळे एकेक करून, अंड्यासारखे धरून, माझ्या पुट्टीच्या रिकाम्या बादलीत ठेवले. आणि नवी माती मळायला बसलो. माती खरखरीत होती, हाताचं ऐकत नव्हती. हातानेच जाऊन जवसाच्या तेलाची बाटली उचलली. पुट्टी ऐकेना झाली की आम्ही तेच करतो. तेल पडलं आणि माती कशी लोण्यासारखी झाली. मला बरं वाटलं. गोळे वळले, हौद होऊ नयेत म्हणून मधल्या बोटाने खळगे पाडले, पाणी भरलं, फडकं टाकलं. हुबेहूब.

पहिल्या दिवशी डबा घेऊन गेलो तेव्हा खोलीत रडण्याचा नुसता गजर होता. एकाचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं. पाण्याच्या टेबलाशी मावशी उभी होती. "हळू ओत रे राजा. सांडलं तर फडकं आहे." मी दारातच थांबलो. सकाळचं ऊन मीच बसवलेल्या काचांतून जमिनीवर पडलं होतं आणि क्षणभर मला वाटलं, मी चटईवरच पडलोय.

दाराच्या चौकटीला धरून एक मुलगी उभी होती. पाठीवर दप्तर. रडत नव्हती, बोलत नव्हती, आतही येत नव्हती. आई सोडून गेली तशी तिथेच.

"हा आमचा खांब," मावशी म्हणाली. "पाण्याला हलला नाही, मण्यांना हलला नाही. आणा तो डबा. बाईंच्या मातीने भले भले खांब हललेत."

ताईने झाकण काढलं. मावशीचं नाक आधी पोचलं. मुलांनी गोळे घेतले आणि ते हातातून सटकायला लागले. एक टेबलावरून गडगडत खाली गेला. खळग्यांतलं पाणी जसंच्या तसं होतं. मातीने थेंबही प्यायला नव्हता, वरून तवंग आलेला.

"शी, वास येतो," एक जण म्हणाला आणि हात माझ्या पँटला पुसले.

"बाई यात काही घालायच्या का?" ताईने घाबरून विचारलं.

"बाई पाणी घालायच्या," मावशी म्हणाली. "दादा, काय घातलंत?"

"थोडं तेल."

"तेल! पोरांनी काय खिडक्या बसवायच्यात का?"

ताई हसू दाबत पोरांचे हात पुसायला गेली. मावशी माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाईंचे गोळे घरीच आहेत ना?"

मी खाली गडगडलेला गोळा उचलून डब्यात टाकला.

"माझ्याकडे त्यांचा ॲप्रन आहे," ती म्हणाली. "खुंटीवरून काढून घरी नेला. धुतला नाही अजून. पण दादा, ॲप्रनवाचून कुणाचं अडत नाही हो. मातीवाचून अडतं."

मी खांबाकडे बघितलं. तिची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. ही असती तर तिने या पोरीला असं इतका वेळ उभं राहू दिलं नसतं. एवढं मला कळत होतं.

घर गल्लीच्या टोकाला. बादली उचलली, फडकं बाजूला केलं, पुन्हा एकदा बघून घेतलं. तेव्हा दिसलं, नखाच्या कोरी बहुतेक गेल्या होत्या. कडा गोल झाल्या होत्या. मी जपायला म्हणून घालत होतो त्याच पाण्याने. नसतं घातलं तर तडकले असते. तशीच बादली घेऊन निघालो. चालताना खळग्यांतलं आभाळ हिंदकळत होतं, म्हणून हळू चाललो.

परत आल्यावर बाकीचे गोळे मावशीने घेतले. एक मी घेतला आणि दाराशी, खांबाच्या पायाजवळ, खाली बसलो. गोळा मधे ठेवला.

बऱ्याच वेळाने ती वाकली. खळग्यात बघितलं. मग चौकटीवरचा एक हात सोडला आणि अंगठा पाण्यात घातला. आणखी घातला.

"खोल आहे," ती म्हणाली.

"हो."

"कुणी केलं?"

"बाईंनी."

"त्या कुठंयत?"

"त्या आता नाहीत."

तिने विचार केला. "मग पाणी कोण घालतं?"

"मी."

"रोज?"

"माती मागेल तेव्हा."

हे तिला पटलेलं दिसलं. दुसरा हात सुटला. ती खाली बसली आणि गोळा मांडीवर घेतला. अंगठा आत, बाकीची बोटं बाहेर, आणि चिमटीने दाबत दाबत गोळा फिरवू लागली. मी खळग्याकडे बघत होतो. आता गेला, आता मोडला. पण खळगा मोडला नाही. तो रुंद होत गेला, त्याची भिंत पातळ होत गेली, पाणी कडेने सांडलं आणि तिच्या हातात एक वेडीवाकडी वाटी आली. तळ मात्र तोच होता, डावीकडे कललेला.

"धर," तिने वाटी माझ्या हातात दिली. "नीट धर हं."

मी दोन्ही हातांनी धरली. तिने दप्तर काढलं, चौकटीला टेकवून ठेवलं, वाटी परत घेतली आणि आत निघून गेली.

मी तिथेच बसून राहिलो. आतून थापटण्याचे आवाज येत होते. रडणं कधी थांबलं ते लक्षात आलं नाही. खोली पाण्याखाली असल्यासारखी मऊ वाटत होती, आणि या वेळी माझे डोळे उघडे होते.

घरी जायच्या वेळेला सगळी माती गोळा झाली. हिची पद्धत अशी की आपला गोळा आपणच वळायचा आणि खळगाही आपणच पाडायचा. साप, पोळ्या, वाट्या, सगळ्यांचे पुन्हा गोळे झाले. खांबाने आपली वाटी सगळ्यात शेवटी मोडली. मोडताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दादा, पाणी," मावशी म्हणाली.

मी तांब्या उचलला आणि सवयीने ओतलं. पहिलाच खळगा भरून वाहायला लागला. शेंगदाणा मावेल एवढासा तर होता तो. पाणी टेबलावर पसरलं, टेबलावरून माझ्या पायावर.

खांब कुठूनशी फडकं घेऊन आली. ते माझ्या हातात कोंबत म्हणाली, "सांडलं तर फडकं आहे."

मावशी तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागली. मी टेबल पुसलं. मग वाटाण्यांच्या वाटीतला चमचा घेतला, आणि एकेका खळग्यात थेंब थेंब पाणी घालत बसलो.