शून्य गुणांचे खलाशी

त्या जूनच्या पावसात आमच्या बेलमाँट वस्तीतला नाला तुंबला आणि पाणी पथकाच्या शेडमध्ये गुडघाभर शिरलं. पुढच्या कार्निव्हलच्या मिरवणुकीतल्या वेशांसाठी मी तारा वाकवून बनवलेले सांगाडे चिखलात आडवे झाले. पाणी ओसरल्यावर टँटी युलाली आणि मी नाल्याच्या तोंडाशी गेलो. तिथे प्लास्टिकच्या बाटल्यांचा बांधच झाला होता. टँटीने एक बाटली उचलून लेबल पुसलं. त्यावर आमच्याच पथकाचं नाव छापलेलं होतं. कार्निव्हलला नाचताना आम्हीच ते पाणी प्यायलो होतो आणि रिकाम्या बाटल्या रस्त्यात टाकून पुढे गेलो होतो.

टँटी, म्हणजे सगळ्यांची मावशी, आमच्या नाचाच्या पथकाची मालकीण, सत्तरीला टेकलेली. बाटल्यांवर आमचं नाव छापणारी पाण्याची कंपनी दरवर्षीप्रमाणे आमची प्रायोजक व्हायला आली, तेव्हा तिने त्यांच्या माणसाला, लॅशलीसाहेबांना, सरळ सांगितलं की पाणी द्या, बाटल्या नकोत. म्हातारी काहीतरी जास्तीचं मागतेय असं त्यांना वाटलं. ते लहान मुलाची समजूत काढावी तसं बोलू लागले. टँटीने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं.

मग तिने जाहीर केलं की यंदा खलाशांचा वेश. साधे पांढरे सुती कपडे, जे नंतर रोज घालता येतील. बाहेरून मागवलेली पिसं नाहीत, चमकी नाही. प्रत्येकाच्या कमरेला एनॅमलचा पेला, आणि मागून पाण्याचा टँकर.

एनॅमलचा पेला म्हटला की आमच्याकडे तुरुंग आठवतो. शहरभर आमचं हसं झालं. वुडब्रुक भागातल्या मोठ्या पथकाने आमचं नाव ‘कैदी’ ठेवलं. पिसं नाहीत तर नाचायचं कशाला, असं म्हणत आमचे निम्मे लोक त्यांच्याकडे गेले. माझाही धीर सुटायला लागला होता.

“टँटी,” मी एकदा म्हणालो, “आपण एकट्याने बाटल्या सोडल्या म्हणून नाला वाहता होणार आहे का?”

“नाही होणार,” ती म्हणाली. “पण तिथे माझं नाव सापडणार नाही. तू तारा वाकव, मला वाकवू नकोस.”

कार्निव्हलच्या मंगळवारी आम्ही निघालो. ऊन असं की डांबर चपलांना चिकटत होतं. तहान लागली की टँकरला तोटी होतीच. पेला भरायचा, प्यायचा, पुन्हा कमरेला अडकवायचा. चालताना पेले एकमेकांवर आदळायचे, आणि आमच्या लोखंडी चकत्या वाजवणाऱ्या पोरांनी त्याचाच ताल धरला. लोक हसायला आले होते, ते बरोबर नाचायला लागले.

सव्हाना मैदानावरच्या स्पर्धेच्या मंचापाशी मात्र ती भरवणाऱ्या समितीच्या माणसांनी आम्हाला अडवलं. मंचाची प्रायोजक तीच पाण्याची कंपनी होती. बाहेरचं पाणी आणि बाहेरची भांडी आत न्यायची नाहीत, असा नवा नियम निघाला होता. टँकर तिथेच थांबवला. पेले पिंपात टाका, म्हणाले, आत सगळ्यांना फुकट बाटल्या मिळतील.

टँटी म्हणाली, पेला हा खलाशाच्या वेशाचा भाग आहे. त्यांनी सांगितलं की तुम्ही नोंदणीवेळी दिलेल्या वेशाच्या चित्रात पेला नाही, आणि पेले घेऊन मंचावर गेलात तर गुण शून्य.

तिने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. वर्षभर राबलेली माणसं होती. स्पर्धेत नंबर यावा असं कुणाला वाटत नव्हतं? मला तर फार वाटत होतं.

“ज्याला गुण हवेत त्याने पेला टाकावा,” ती म्हणाली. “मी रागावणार नाही. पण मी टाकणार नाही.”

पिंपात एकही पेला पडला नाही. आम्ही मंचावर गेलो आणि असे नाचलो की फळ्या हादरल्या. परीक्षकांनी पेनं खाली ठेवली होती.

पलीकडे उतरलो तेव्हा घसे कोरडे पडले होते. तिथे लॅशलीसाहेब बर्फातल्या बाटल्या घेऊन उभे होते. मोठ्या मनाने म्हणाले, घ्या, झालं गेलं विसरा. माझा हात पुढे झालाच होता. टँटी त्यांच्याकडे न बघता पुढे गेली, म्हणून मीही गेलो. थोडं पुढे एका बाईने आपल्या अंगणातल्या नळाची रबरी नळी कुंपणावरून आमच्याकडे फेकली. मग शेजारच्या घरातूनही कुणीतरी हाक मारली. त्या गल्लीतलं पाणी पीत पीत आम्ही बेलमाँटला परतलो.

निकालात आमच्या नावापुढे शून्य होतं. समितीने कळवलं की लेखी माफी मागा, तरच पुढच्या वर्षी नोंदणी होईल. टँटीने उलट निरोप धाडला की माफी नाल्याकाठच्या लोकांची मागा, ते घरीच असतात.

तेव्हापासून आम्ही मंचावर गेलो नाही. नोंदणीशिवायच गल्ल्यांमधून नाचतो, आणि आमची संख्या आधीपेक्षा वाढली आहे. गेल्या वर्षी वुडब्रुकच्या त्या पथकाचा एक पुढारी माझ्याकडे आला आणि पेले कुठे मिळतात ते हळूच विचारून गेला. नाला अजून तुंबतो. समितीचा एक माणूस दरवर्षी कोपऱ्यावर उभा राहून आमचे फोटो काढतो, नोंदणीशिवाय नाचल्याचा पुरावा म्हणून. तो दिसला की टँटी मागे वळून सगळ्यांना सांगते, टोप्या नीट करा, ताठ उभे राहा, फोटो चांगला आला पाहिजे.