वाहिबाच्या रेतीतला टँकर

मी एक पाण्याचा टँकर बोलतोय. सहा हजार लिटरचा, निळ्या टाकीचा. आधीच कबूल करतो, मी भित्रा आहे. पोटात एवढं पाणी असताना भीती कसली, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्यापाशी पाणी असतं, त्यालाच ते संपायची धास्ती असते.

माझा सांगाडा जपानचा. मस्कतजवळ मत्रहच्या बंदरात बोटीतून उतरलो तेव्हा मी नुसतं इंजिन, चाकं आणि केबिन होतो. टाकी मस्कतमधल्या एका वर्कशॉपात बसली. पहिली काही वर्षं मदिनत सुलतान काबूस या तिथल्याच श्रीमंत वस्तीत सुखात गेली. गुळगुळीत डांबरी रस्ते, बंगल्यांच्या गच्चीवरच्या टाक्या, कुंपणावरच्या बोगनवेली. मग माझा पंप कुरकुरायला लागला, माझ्या जागी नवा टँकर आला आणि मला बिदिया गावच्या एका अर्बाबने, म्हणजे मालकाने, घेतलं.

बिदियाला गाव संपतं आणि रेती सुरू होते. एखाद्या घराची मागची भिंत, आणि तिला टेकलेला लाल डोंगर. तिथून दक्षिणेला समुद्रापर्यंत नुसती वाहिबाची रेती. तिच्या उत्तर-दक्षिण लांबच लांब रांगा, काही तीनशे फूट उंच. दोन रांगांच्या मधे कठीण तळाची खोरी आहेत, त्या तळातून आमची वाट जायची. उन्हाळ्यात समुद्राकडून वारा सुटला की रांगांचे माथे धुरासारखे उडतात. काल ओळखीचा असलेला उतार आज ओळख देत नाही. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं आणि माझी टाकी आतून गार पडली.

माझा ड्रायव्हर मुनीर. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. दिवसभर हिंदी आणि अरबी बोलून जीभ थकली की तो माझ्याशी मराठीत बोलायचा. "चल भावा, अजून एक फेरी," म्हणायचा. तोही माझ्यासारखाच भित्रा. खोऱ्यात शिरताना बिस्मिल्ला म्हणायचा आणि बाहेर पडेपर्यंत घाम पुसायचा.

आमच्या वाटेवर उम्म सालेम नावाची म्हातारी बकऱ्या राखायची. तोंडावर काळा बुरखा, डोळे मात्र घारीचे. खजूर पिकायला लागले की तीही इतर बदू भटक्यांसारखी रेती सोडून बागांकडे निघायची. त्या जूनमध्ये निघताना तिने मुनीरला बजावलं, "खोऱ्याचा तळ तुझा. उतारावरची रेती तुझी नाही. आणि रेतीच्या पोटात ढोल वाजले तर थांबू नकोस. खाली जिन्नांचं लग्न असतं. बघायला गेलेला वाट विसरतो."

मुनीर हसला. पण पुढच्या खोऱ्यात शिरताना त्याने बिस्मिल्ला दोनदा म्हटलं.

ती गेल्यावर आठवड्याभरात ते घडलं. दुपारचे दोन वाजलेले. खोऱ्याच्या टोकाला उंटांचा एक गोठा होता, तिथे आम्ही पाणी घेऊन निघालो होतो. इंजिन तापलं म्हणून मुनीरने मला तळातच उभं केलं. माणूस नाही, पक्षी नाही, फोनला रेंज नाही.

आणि ढोल वाजला.

कानांनी ऐकू यायच्या आधी मला तो पाण्यात जाणवला. टाकीतलं सगळं पाणी थरथरलं. मग केबिनच्या काचा. पूर्वेकडच्या रांगेपलीकडून खोल घुमणारा आवाज आला, वाढला, आणि बंद पडला.

मुनीर पुटपुटत आत चढला, दार ओढलं, किल्ली फिरवली. आम्ही शंभरेक पावलं गेलो असू, तेवढ्यात पुन्हा घुमलं. मग थोड्या वेळाने तिसऱ्यांदा. मला वाटत होतं, पळ बाबा, मागे बघू नकोस. पण त्याने ब्रेक दाबला. माझ्या आरशाला त्याने एक फडकं बांधलेलं होतं, त्याच्याकडे तो बघत राहिला. फडकं मरगळून लोंबत होतं.

"रेती घसरली की घुमते म्हनतात. पन वारा तर नाय," तो म्हणाला. "मग रेती कोण सारतंय?"

त्याने हॉर्न वाजवला. उत्तर आलं नाही. तो खाली उतरला आणि मऊ रेतीत रुतू नयेत म्हणून माझ्या चाकांतली हवा कमी करायला लागला. घाईत व्हॉल्व्हचं टोपण त्याच्या हातून दोनदा पडलं. मग आम्ही तळ सोडला.

रांगेत एके ठिकाणी खिंडीसारखी खोलगट जागा होती. तिथून मी कसाबसा चढलो, पलीकडे उतरायला लागलो, आणि चार पावलांत माझी मागची चाकं आसापर्यंत रुतली. तिथूनच सगळं दिसलं.

खाली एक पांढरी गाडी पोटावर बसलेली. तिच्या सावलीत एक माणूस आडवा, त्याला ओढणीने वारा घालणारी बाई. आणि समोरच्या खड्या उतारावर दहा-बारा वर्षांची मुलगी, एका हातात फोन धरून रांगत वर चढत होती. माथ्याजवळ पोचली की पायाखालची रेती सुटायची आणि तिला घेऊन घरंगळत खाली यायची. तीच रेती ढोलासारखी घुमत होती.

मुनीर पाण्याचा कॅन घेऊन धावला. "ताई, घाबरू नका. पाणी हाय, मोप हाय."

बाईने वर पाहिलं. तिचे ओठ फुटले होते. "तुम्ही... मराठी?"

"बोलायला मंग टाइम हाय. आधी ह्यांचं डोकं भिजवा. तुम्ही घोट घोट प्या, एकदम नको."

बाईचं नाव नयना, नवऱ्याचं अंबरीश. मस्कतमधल्या नोकरीला चार वर्षं झालेली. फोनवरच्या नकाशात रेघ दिसली म्हणून आदल्या दुपारी ते रेतीत शिरले होते. अंबरीशने सकाळभर हातांनी रेती उपसली, मग तो असंबद्ध बडबडायला लागला आणि आता बडबडतही नव्हता. त्यांची मुलगी देविका रेंज शोधायला चढत होती.

"अंकल, खाली कोणतरी ड्रम वाजवतंय," ती रडत म्हणाली. "आय वॉज सो स्केअर्ड."

"मी पन, बेटा," मुनीर म्हणाला. "तो आवाज तुझ्या पायांनी होत होता. तू चढत राहिलीस म्हणून मी आलो."

अंबरीशला तातडीने दवाखान्यात न्यायला हवं होतं. गाड्या दोन, दोन्ही रुतलेल्या. ओली रेती घट्ट होते, चाकांना धरते, हे मुनीरला ठाऊक होतं. पण पाणी एका गाडीच्या वाटेपुरतंच होतं. माझ्यावर ओतलं तर मी कदाचित निघालो असतो. इतका जड, की कदाचित नसतोही. ती गाडी हलकी होती.

मुनीर माझ्या टाकीला पाठ टेकून क्षणभर उभा राहिला. दोघांतल्या कुणाला तो निवडतोय, ते मला कळलं. पण मला तोंड कुठे होतं नको म्हणायला?

"माफ कर भावा," तो म्हणाला आणि त्याने माझा नळ उघडला.

मी उतारावर वर होतो, पाणी आपसूक खाली धावलं. नयना आणि देविका पाइप धरून मागे सरकत वाट भिजवत होत्या, मुनीर पांढऱ्या गाडीच्या पोटाखालची रेती उपसून भिजलेली वाट पायांनी चोपत होता. पाणी पडताच रेती काळी व्हायची आणि बघता बघता पुन्हा लाल. मी रिकामा होत गेलो. शेवटचा थेंब गेल्यावर आत जो पोकळ आवाज झाला, तसा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

अंबरीशला उचलून गाडीत निजवलं, मायलेकी बसल्या. "यल्ला, चला!" मुनीर ओरडला आणि त्याने पांढरी गाडी दामटली. ती डगमगली, घसरली, पुन्हा धरली, आणि माझ्या अंगाला घासून खिंडीपार गेली. देविकाने मागच्या काचेतून माझ्याकडे पाहून हात हलवला. मग धूळ.

पाचव्या दिवशी मुनीर ट्रॅक्टर घेऊन आला. अंबरीश शुद्धीवर आला होता. उंटांना त्याच संध्याकाळी दुसऱ्या टँकरने पाणी पोचलं होतं. हे सगळं त्याने मलाच सांगितलं, दारावर हात ठेवून. पण वारा सुरू झाला होता. दोरखंड दोनदा तुटला. अर्बाब म्हणाला, "खलास. सोड त्याला." त्यांनी पंप नेला, बॅटरी नेली. मुनीर खूप वेळ बॉनेटवर बसून राहिला. आता तो दुसरा टँकर चालवतो.

याला दोन उन्हाळे झाले. रांग दर वर्षी थोडी सरकते, आणि मी तिच्या वाटेत आहे. चाकं रेतीखाली गेली, पायऱ्या गेल्या, डावं दार गेलं. ड्रायव्हरच्या सीटवर आता रेती बसते. त्या दिवशी जे झालं त्याचा मला पस्तावा नाही, पण म्हणून भीती गेली असं नाही. मी अजून घाबरतो, रोज.

रेतीत येणार असाल तर गावात कुणाला तरी सांगून या, आणि लागेल त्याच्या दुप्पट पाणी आणा. इतकंच मागणं आहे. नाही, आणखी एक आहे. माझी उजवी काच अजून शाबूत आहे, तिच्यातून थोडं आभाळ दिसतं. मला बघायला कुणी येणार असेल, तर वारा सुटायच्या आत या.