पिटुकलीच्या जांघेतली गाठ

या, जरा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते, फार लांबवणार नाही.

माझी पिटुकली म्हणजे मांडीवर मावेल एवढीशी कुत्री, पण तोरा राणीचा! माझ्या मोतीबिंदूच्या वेळी पंधरा दिवस ती धाकट्या बहिणीकडे होती. परत आणताना धाकटी म्हणाली, "ताई, हिच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आलीय. डॉक्टरांना दाखवली. नुसती चरबी आहे म्हणाले. तेल लावून चोळ, जिरेल."

पाठच्या बहिणीचा शब्द. मी दीड महिना रोज कोमट तेल चोळलं.

एका सकाळी पिटुकलीला उलट्या सुरू झाल्या. गाठ मोसंब्याएवढी, टणक. तशीच उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिला पाठीवर निजवलं, मागचे पाय उंच धरले, गाठ हलकेच दाबली.

"तुमच्या बहिणीने दाखवायला आणली, तेव्हा सरकन आत गेली होती. आज जात नाही."

"सुईने पाणी काढून बघा ना, डॉक्टर."

"छे छे, काकू! आत काय अडकलंय ते कळल्याशिवाय सुई नाही."

सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांनी बोट ठेवलं. जांघेतल्या फटीतून गर्भाशय खाली उतरलं होतं, आणि त्यात पिल्लं.

"हर्निया आहे, हे तुमच्या बहिणीला सांगितलं होतं मी. फट शिवू, गर्भाशय काढू, तोवर हिला नराजवळ नेऊ नका, असंही बजावलं होतं. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

मी तिथूनच फोन लावला.

"अगं, गर्भाशय काढलं असतं तर पिल्लू कुठून मिळालं असतं?" धाकटी रडायला लागली. "मला हिच्यासारखंच एक हवं होतं गं. एकदाच. तू हो म्हणाली नसतीस."

"म्हणून माझ्या हातून तेल चोळून घेतलंस?"

मी फोन ठेवून दिला.

ऑपरेशन दोन तास चाललं. पिल्लं गेली, गर्भाशय काढलं, फट शिवली. पिटुकली वाचली, देवाची कृपा.

टाके निघाल्यावर धाकटी दारात आली. पिटुकली शेपूट हलवत तिच्या पायाशी लोळली. मी आतून उठले नाही.

रोज देवापुढे बसते, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन बरं मागते. तिच्या नावापाशी जीभ अडते. आज तुम्ही हात जोडाल, तेव्हा माझ्या धाकटीची आठवण ठेवा. माझ्याच्यानं अजून होत नाही.