सव्वासातचा झटका

सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. हॉस्पिटलातली नोकरी संपून सहा वर्षं झाली होती, तरी रोज सकाळी तीन घरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटांच्या जखमा धुणं, पट्ट्या बदलणं हे काम त्यांनी सोडलं नव्हतं. एकदा जिन्यावरून पडल्यापासून त्यांचा डावा गुडघा वाकत नसे. क्लच दाबायला गुडघा वाकावा लागतो, म्हणून साधी गाडी त्यांना चालवता येत नव्हती. पण ज्या डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी उभी हयात काढली, ते जाताना आपली मोठी राखाडी गाडी त्यांना देऊन गेले. गाडी जुनी, पण थाट राजेशाही. कातडी सीटा, लाकडी डॅशबोर्ड, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. आणि मुख्य म्हणजे गिअर ऑटोमॅटिक. क्लचच नाही. उजवा पाय धड असला की झालं.

आता त्या उजव्या पायावरच शंका आली होती.

दोन महिन्यांपासून गाडी मधूनच एक खोड करायची. गिअर टाकला, पाय दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत काही नाही, आणि मग मागून कोणी लाथ मारावी तशी पुढे उडी. अशाच एका उडीत समोरच्या घराची टपालपेटी आडवी झाली.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. ऐकल्या ऐकल्या धावत आला.

"आई, गाडीला काही झालेलं नाही. मी दर रविवारी चालवतो ना? एकदा तरी उडी मारली का तिने?"

"म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही गं. पण वय होतं माणसाचं. पाय एखाद्या वेळी जास्त दाबला जातो. पेटीच्या जागी कोणाचं पोर असतं तर?"

मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता. पुढच्या रविवारी चावी घेऊन जातो, असं सांगून तो गेला. त्यानंतर सिस्टर खुर्चीत बसल्या की आपल्या उजव्या पावलाकडे परक्यासारख्या बघत राहायच्या.

गाडी त्यांनी दोनदा गॅरेजमध्ये नेली होती. पहिल्या गॅरेजमध्ये कॉम्प्युटर लावला, त्यात काही दिसलं नाही. दुसरा मिस्त्री गिअरचं काम करण्यात मुरलेला. इंजिनाला कान लावून बसायचा, म्हणून त्याला सगळे कानसेन म्हणत. त्याने गाडी फिरवून आणली. गाडी लोण्यासारखी चालली.

"वैद्याच्या दारात दुखणं पळतं, तसलंच आहे हे," सिस्टर वैतागून म्हणाल्या.

"झटका कधी बसतो?" कानसेनने विचारलं.

"मधूनमधून."

"पेशंटने तुम्हाला सांगितलं, ताप मधूनमधून येतो, तर तुम्ही काय करता?"

"तक्ता लावते. तारीख, वेळ, ताप."

"मग या पेशंटलाही लावा. गाडी किती वेळ उभी होती, कुठे उभी होती, तेही लिहा. मी रविवारी सकाळी घरीच येतो. त्या दिवशी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका."

सिस्टरांनी वहीत रेघा आखल्या आणि आठवडाभर न चुकता नोंदी केल्या.

रविवारी सातला कानसेन सायकलवरून पत्र्याची पेटी घेऊन आला. पाठोपाठ चावी न्यायला मुलगाही आला. कानसेनने आधी गाडीकडे बघितलंच नाही. पायरीवर बसून तक्ता वाचला.

"सोमवारी सव्वासात, झटका. मंगळवारी सव्वासात, झटका. दुपारी बाजारातून निघताना काही नाही. संध्याकाळी काही नाही. रोज सव्वासातलाच. फक्त गुरुवारी सकाळी नाही. गुरुवारी काय झालं होतं?"

सिस्टर आठवू लागल्या. "बुधवारी अंगणात रंगाऱ्याच्या शिड्या होत्या. गाडी रात्रभर बाहेर रस्त्यावर लावली होती."

"रस्ता सपाट आहे आणि तुमचं अंगण उताराचं. इथे गाडी तोंड वर करून उभी असते." कानसेन मुलाकडे वळला. "तुम्ही रविवारी किती वाजता चालवता?"

"अकराच्या सुमाराला."

"तोवर आई तीन घरं फिरून आलेली असते. गाडी गरम झालेली असते. आज थंड गाडी चालवून बघा. बसा."

मुलगा स्टिअरिंगवर बसला. सिस्टर आणि कानसेन मागे. त्याने गिअर टाकला आणि पाय अलगद दाबला. इंजिन ओरडलं. गाडी हलली नाही. एक, दोन, तीन. आणि तिघांच्याही माना मागे फेकत गाडीने उडी मारली. मुलाने कचकन ब्रेक दाबला.



"मी... मी हलकेच दाबलं होतं," मुलगा म्हणाला.

"मीसुद्धा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी आपल्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

"पण गिअरचं ऑइल भरलेलं आहे हो," गाडी परत जागेवर लावून मुलगा म्हणाला. "दर रविवारी मी स्वतः बघतो. दाखवतो." त्याने इंजिन बंद केलं. थोडा वेळ थांबून बॉनेट उघडलं, मोजायची पट्टी पुसून आत घातली आणि बाहेर काढली. ऑइल बरोबर वरच्या खुणेवर होतं.

"आता इंजिन चालू ठेवून बघा," कानसेन म्हणाला.

या वेळी पट्टी कोरडी निघाली. टोकाला नुसता ओलसरपणा.

मुलगा पट्टीकडे बघतच राहिला.

कानसेनने समजावलं, "इंजिनचं ऑइल गाडी बंद करून मोजतात. गिअरचं चालू गाडीत. सख्खे भाऊ, पण स्वभाव निराळे. गाडी बंद असली की गिअरमधलं सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये येऊन बसतं, मग भरपूर वाटतं. चालू झाली की पंप ते उचलून वर वाटतो, खाली उरेल ते खरं. तुमच्याकडे फारसं उरतच नाही. त्यात थंड ऑइल आक्रसलेलं, चढावर ते मागे सरकतं, आणि पंप हवा ओढतो. गरम झालं की फुगतं, मग गाडी साधूसारखी वागते."

"म्हणजे झोपवून रक्तदाब घ्यायचा," सिस्टर म्हणाल्या, "आणि चक्कर येते उभं राहिल्यावर."

"अगदी तसंच."

मुलाचा चेहरा उतरला. "मी दर रविवारी चुकीचं मोजत होतो, आणि वर तुलाच..."

"अरे, मोजत तरी होतास," सिस्टर म्हणाल्या.

"थांबा, अजून पेढे वाटू नका," कानसेन म्हणाला. त्याने पट्टीचं टोक पांढऱ्या कागदावर टेकवलं. "काळं आणि जळकं निघालं, तर आतल्या प्लेटा घासून संपल्या. मग ही गाडी भंगारात."

त्याने कागद हुंगला आणि सिस्टरांपुढे धरला. जखमेचा वास घेऊन ती चिघळली की नाही हे सांगणारं ते नाक. त्यांनी डोळे मिटून दोनदा वास घेतला. कागदावरचा डाग तांबूस होता.

"जळलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," कानसेनने मान हलवली.

मग तो गाडीखाली सरकला. चेंबरचं पॅकिंग एका कोपऱ्यात झिरपत होतं. खाली खडी पसरलेली, म्हणून थेंब कधी दिसले नव्हते. हाताने खडी बाजूला केली, तर खालची माती ऑइलने तांबडी झालेली. पॅकिंग उद्या गॅरेजमध्ये बदलू, तोवर आज भरून देतो, म्हणत त्याने पेटीतून डबा काढला. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओतलं, पुन्हा पुन्हा पट्टी बघितली. जास्त झालं तरी गाडी रुसते, असं ओतता ओतता म्हणाला.

साडेआठ वाजून गेले होते. सिस्टरांनी घड्याळ बघितलं. "पहिल्या घरचे आजोबा ड्रेसिंगसाठी खोळंबले असतील."

चावी गाडीलाच होती. मुलगा ड्रायव्हरच्या दाराजवळ उभा राहिला, थोडा घुटमळला. मग गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला. सिस्टरांनी आपला ताठ पाय आत घेतला आणि गिअर टाकला. गाडी निमूट रस्त्यावर चढली.

"आणि पुढे कधी तुझा पाय खरंच चुकला तर?" मुलाने विचारलं.

"तर त्याचाही तक्ता लावू. माझ्या हाताने लिहीन."

पहिल्या वळणावर मुलाने दोन्ही पाय खाली कचकचून रोवले.

"तुझ्या बाजूला ब्रेक नाही, बाळा."

"माहितीये गं. सवय नाही."

शाळेपाशी सिस्टरांनी वेग कमी केला. झेब्रा पट्ट्यांवर कोणी नव्हतं, तरी क्षणभर थांबल्या, दोन्हीकडे बघितलं आणि पुढे निघाल्या. मुलगा बघत होता. आजोबांच्या फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा त्याचे पाय सैल पडले होते. त्याने मागच्या सीटवरची औषधांची पिशवी उचलली आणि आईसाठी दार उघडायला खाली उतरला.