एकाहत्तर मिलिमीटर

"नऊ? आवं मॅडम, नऊ मिलिमीटरनं दारातली रांगोळी बी धड पुसायची न्हाई!" दगडाबाई कडाडली. "काल वढ्याचं पानी देवळाच्या पायरीला लागलं. तुमचं यंत्र काय झोपलं हुतं?"

दिशा मॅडम पारनेरच्या तहसील कचेरीतून आल्या होत्या. ग्रामपंचायतीमागच्या तारेच्या कुंपणात दोन मापं शेजारी शेजारी उभी होती: आठ महिन्यांपूर्वी बसवलेलं सौर पाटीचं यंत्र, आणि दगडाबाईचं जुनं पर्जन्यमापक, वर नरसाळं, आत बाटली. यंत्र म्हणत होतं नऊ, बाई म्हणत होती एकाहत्तर. पासष्टच्या वर आकडा गेला तरच अतिवृष्टी, तरच वाहून गेलेल्या कांद्याचे पंचनामे. कुंपणाबाहेर निम्मं गाव ताटकळलं होतं.

"आजी, मोजताना गडबड झाली असेल. काचेचं माप तर वीसचंच."

"तीनदा भरून वीस, वर अकरा. साळा न्हाई बघितली म्या, पर आकडं कळत्यात. पानी कडंला चढतं ते बघायचं न्हाई, मधला खोलगा बघायचा. ह्यांनी शिकिवलंय."

हे म्हणजे तिचा नवरा, भीमा. इंग्रजांच्या वेळचं तांब्याचं नरसाळं गळायला लागेपर्यंत त्यानं त्यावर माप घेतलं, मग हे फायबरचं आलं. रोज सकाळी साडेआठ, पाऊस असो नसो. ना बॅटरी, ना तार. पडेल तेवढं धरायचं आणि तेवढंच सांगायचं. असलं भांडं आणि असला माणूस तालुक्यात दुसरा नाही, हे दगडाबाई ज्याला त्याला सुनवायची. त्याच्यामागं सहा वर्षं तीच मोजत होती.

मॅडमनी यंत्राचं झाकण खोललं. आत कुंभारमाशीनं मातीचं घर करून भोक बुजवलं होतं.

"घ्या! माशीनं घरकुल मंजूर करून घेतलं," बाहेरून बन्सी ओरडला.

"गप रं, मुडद्या!"

मॅडम हसल्या नाहीत. "यंत्र बिघडलंय, खरंय. पण म्हणून तुमचा आकडा बरोबर, असं कसं धरू? वर मला विचारतील."

दगडाबाईनं वही पुढं केली. मॅडम पानं उलटत गेल्या. भर उन्हाळ्यातही रोजचं शून्य, एकेक वेगळं काढलेलं. मग सहा वर्षांमागच्या एका पानावर बोट थांबलं.

"इथं चुकलात. रकाना कोरा आहे. पाऊस नसला तर शून्य लिहायचं."

"शून्य म्हंजी बघितलं आन् पानी न्हवतं. त्या दिशी कुनी बघितलंच न्हाई."

"अंदाजानं तरी..."

"अंदाजानं?" आवाज चढला आणि तिथंच बसला. "त्या दिशी पहाटं ह्यांनी डोळं मिटलं. साडेआठला दारात तिरडी बांधत हुते. दुसऱ्या दिशी मी मोजाय गेले तर बाटलीत दोन दिसांचं पानी. त्यातलं आदल्या दिसाचं किती, मी कशी सांगू?"

मॅडमनी त्याच पानावर आपला कागद ठेवला, नऊ खोडलं, एकाहत्तर लिहिलं आणि खाली सही केली.

मग त्यांनी वही मिटून पुढं धरली. दगडाबाईनं आधी दोन्ही हात पदराला कोरडे केले, मगच ती घेतली.