तिसऱ्या बरगडीजवळचा आवाज

हृदय कधी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, रिपोर्टही बोलतात, पण हृदय नाही. फक्त ऐकणारा कान हवा. मुलुंड पूर्वेच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी सत्तावीस वर्षं सांगत आलो. त्यातली शेवटची चारेक वर्षं मला नीट ऐकू येत नव्हतं.

म्हणजे लब-डब यायचं. ते जाडजूड आवाज, ते येतातच. वयाबरोबर आधी जातात ते वरच्या पट्टीतले, बारीक. मला वाटायचं, मुलुंडमधले डास कमी झालेत. सोसायटीच्या सभेत मी त्याबद्दल महापालिकेचं कौतुकही केलं होतं. माझा कंपाउंडर कुंडलिक पेशंटचं बोलणं पुन्हा मोठ्याने म्हणून दाखवायचा, "साहेब, यांना जिना चढताना चक्कर येते म्हणतात." मी त्याला आगाऊ समजत होतो.

आमच्याकडे नळी लावल्याशिवाय तपासलं असं कुणी मानत नाही. गुडघा दुखतो म्हणून आलेला माणूससुद्धा बसता बसता वरचं बटण सोडतो. त्यामुळे मी लावायचो. डोळे मिटायचो, हुं म्हणायचो. डोळे मिटले की पेशंटला फार बरं वाटतं.

भांडुपची अक्षता आली तीही अशीच. एकवीस वर्षांची, काटक, पोलीस भरतीची तयारी करणारी. तिला तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. नळी लावली, डोळे मिटले, 'हृदयाचे आवाज सामान्य' असं लिहिलं आणि सही ठोकली. शिक्का मात्र विसरलो.

शिक्क्यासाठी ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, तेव्हा माझ्या खुर्चीत पुतणी बसली होती, निधी. नुकतीच एमबीबीएस झालेली. सकाळचे पेशंट ती बघते. शिक्का मारण्याआधी तिने अक्षताला तपासलं. या पिढीचा सहीवर विश्वास नाही. तिने अक्षताला पुढे वाकवून बसवलं, श्वास पूर्ण सोडून रोखायला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग मला आतून बोलावलं.

"काका, डबच्या मागोमाग एक बारीक फुंकर येतेय. ऐका ना."

मी ऐकलं. लब-डब. लब-डब. मागे सगळं सामसूम.

"आहे की," मी म्हणालो. "स्पष्ट आहे."

"कुठे जास्त वाटतेय तुम्हाला?"

मी अंदाजाने खाली, डाव्या बाजूला बोट ठेवलं. निधीची नळी मघाशी तिसऱ्या बरगडीजवळ, छातीच्या हाडाच्या कडेला होती. ती म्हणाली, "असेल काका." लहान मुलाने काढलेल्या गाईला आपण गाय म्हणतो ना, त्या सुरात.

तिथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण पेशंट समोर, पुतणी समोर. मी म्हणालो, "काल ऐकूनच दाखला दिलाय. किरकोळ आहे ती." आणि शिक्का मारला. चांगला दाबून मारला.

अक्षता गेल्यावर निधीने दार लावलं. "काका, तुम्हाला ऐकू आलं नाही ना?"

तिला पुन्हा विचारावं लागलं.

"झडप गळत असणार तिची," ती म्हणाली. "थोडी गळत असेल, जास्तही असेल. नुसत्या नळीने किती ते सांगता येत नाही, पण गळतेय हे नळीनेच कळतं. आणि सोमवारी ती आठशे मीटर जीव खाऊन धावणार, तुमच्या शिक्क्यावर."

संध्याकाळी मी भांडुपला गेलो. पुनर्वसनाची इमारत, सातवा मजला. लिफ्टमध्ये तीन वेळा वाक्य जुळवलं. अक्षताची आई रत्नप्रभाबाई माझी जुनी पेशंट. त्यांनी खुर्ची पुसून दिली, आणि जुळवलेलं वाक्य गेलं. शेवटी सरळच सांगितलं. मला ऐकू येत नाही, मी खोटं बोललो, तो दाखला परत द्या.

"पाणी हाड गो," बाई मुलीला म्हणाल्या, आणि ती पाणी आणायला आत गेली. मग मला, मोठ्याने, "डॉक्टर, तुमका ऐकाक येणा नाय, ता माका ठावक आसा."

"कसं?"

"आमचे सासरे कापडगिरणीत साच्यावर, विणायला होते. त्या आवाजान कान गेले त्यांचे. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलायचे. तुम्ही पण तसेच बघता."

"मग माझ्याकडे येता कशाला?"

"तापाक गुण येता तुमचो."

"आणि दाखल्याला," अक्षता पेला माझ्या हातात देत म्हणाली. तिची नजर पेल्यावरच होती. "कॉलेजच्या शिबिरात एक मॅडम बोलल्या होत्या, हृदयात आवाज आहे म्हणून. मैदानावरच्या मुली म्हणाल्या, मुलुंडला जा, ते डॉक्टर देतात."

"कसलो आवाज गो?" बाईंना हे नवीन होतं.

त्यापुढे मायलेकींचं काय झालं ते मी सांगू शकत नाही. शरमेने मी दोघींच्या ओठांवरून नजर काढली होती, त्यामुळे फारसं कळलं नाही. पेल्यातलं पाणी संपलं तेव्हा अक्षताने घडी घातलेला कागद माझ्यासमोर धरला होता.

"तीन वर्षं पहाटे उठून धावतेय मी," ती म्हणाली. हे तिने मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

"उद्या इको करू," मी म्हणालो. "ठीक निघालं तर हृदयाचे डॉक्टरच लिहून देतील. मी नाही."

इकोत झडप किंचित गळताना दिसली. हृदयाच्या डॉक्टरांनी धावायला परवानगी दिली, दर वर्षी इको करायला सांगितलं. म्हणजे निधीचा कान बरोबर होता. माझा फाडलेला दाखलाही, 'आवाज सामान्य' एवढं सोडलं तर, योगायोगाने बरोबरच निघाला, आणि मला तेच जास्त लागलं. माझ्या दाखल्यावर त्या मैदानातल्या आणखी किती मुली धावताहेत, ते कुंडलिक जुन्या वहीत बघून एकेकीला फोन करतोय. फोन तोच करतो.

मी आता कानात मशीन घालतो. मुलुंडमध्ये डास भरपूर आहेत.

सोमवारी अक्षता आठशे मीटर धावली. पैकीच्या पैकी गुण मिळाले. गोळाफेकीत ती नापास झाली.