काकासाहेबांच्या हस्ते मिळालेले दात

काकासाहेबांच्या प्रतिष्ठानाकडून आलेल्या पत्राला संघपाल साळवे यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र उन्हाळ्यातलं, आता पोळाही होऊन गेला होता. मोफत कवळी वाटप सोहळ्यातील लाभार्थी या नात्याने आपला समाधानाचा अभिप्राय चार ओळींत कळवावा, स्मरणिकेत छायाचित्रासह छापू, असं त्यात होतं. समाधान प्रतिष्ठानानं गृहीतच धरलं होतं, ओळी तेवढ्या हव्या होत्या.

साळवे जन्मभर सरकारी ग्रंथालयात पुस्तकं देत-घेत आलेले. पत्राला उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मसुदे त्यांनी पुष्कळ केले. एकात आभार इतके झाले की त्यांनाच ते खोटे वाटले. दुसऱ्यात तक्रार होती, ती वाचून त्यांना घाम फुटला. शिवाय एक शंका होतीच. कवळी तोंडात बसत नाही ती कवळीचीच चूक कशावरून? आपलं तोंडच चुकलं असेल.

त्यांचे दात एकामागून एक गेले, तेव्हा बायकोची, पारूबाईची, नजर काचबिंदूनं आधीच गेली होती. दुपारचं जेवण झालं की साळवे तिला वाचून दाखवत. चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, तो माणूस या एका बाईसाठी सुरेख वाचायचा. दात गेले आणि शब्द ओठांतच विरघळायला लागले. पारूबाई म्हणाली, "अहो, ऱ्हाऊ द्या आता. वल्या वाकळंवर काठी मारल्यावाणी वाजतंय." ती हसली, पण दुसऱ्या दिवसापासून तिनं दुपारी रेडिओ लावला. साळव्यांना तो रेडिओ फार लागला.

म्हणून ते सरकारी दवाखान्याच्या दंतविभागात जाऊ लागले. तिथं मेघा नावाची शिकाऊ डॉक्टर होती. तिनं मोठ्या सोशिकपणानं त्यांच्या हिरड्यांचं माप घेतलं, मेणावर दात मांडून ते तोंडात बसवले आणि समोर वर्तमानपत्र धरलं. काका, वाचा, म्हणाली. साळव्यांनी वाचलं. त्यांचा जुना आवाज त्यांनाच ऐकू आला आणि ते इतके ओशाळले की पुढची ओळ वाचलीच नाही.

दिवाळीच्या सुमारास कवळी तयार झाली. मिळाली मात्र नाही. कारण काकासाहेब दवाखान्याच्या समितीवर होते आणि त्यांचा वाढदिवस चैत्रात होता. खर्च सरकारचा, कष्ट डॉक्टरांचे, तोंडं म्हाताऱ्यांची. काकासाहेबांनी फक्त तारीख दिली. त्या तारखेपर्यंत गावोगावच्या म्हाताऱ्यांचे दात कपाटात बसून होते आणि म्हातारे घरी भाकरी दुधात कालवत होते.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी प्रतिष्ठानाचा कार्यकर्ता विश्वजीत डब्या बघायला गेला. प्रत्येक डबीवर मेघानं नावाची चिठ्ठी चिकटवलेली. त्या प्लास्टिकच्या डब्या फोटोत दरिद्री दिसतील, असं त्याचं मत पडलं. त्यानं गुलमंडीच्या बाजारातून लग्नात बदाम-खडीसाखर वाटायच्या चंदेरी डब्या आणवल्या, झाकणावर काकासाहेबांचा हसरा चेहरा लावला आणि सगळे दात त्यांत हलवले. चिठ्ठ्या जुन्या डब्यांवरच राहिल्या. तिथं हजर असलेल्या एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. सगळेच दात पांढरे होते.

मंडपात भाषणं झाली. म्हाताऱ्यांना एकेक करून वर बोलावलं, हातात डबी दिली, ती उघडून हसायला लावलं. मेघाला खुर्ची मिळाली ती जनरेटरजवळ. फोटो आटोपताच काकासाहेब पुढच्या कार्यक्रमाला गेले आणि मंडपामागं, पाण्याच्या टाकीपाशी, खरा सोहळा सुरू झाला. एक जण दात काढून धुवायचा, दुसऱ्याला द्यायचा. देवळाबाहेर चपला शोधाव्यात तसे लोक आपलं तोंड शोधत होते. करमाडचा सांडू नावाचा म्हातारा त्यात पुढारी झाला होता. त्यानं साळव्यांना हाक मारली.

"ओ साहेब, या इकडं. एकमेकाचं घालून बघायलोत. लाजता काय? तुमचं बी असंल कोणाच्या तरी तोंडात."

साळव्यांना ते किळसवाणं वाटलं, आणि आपल्याला किळस वाटते याचीही लाज वाटली. ते डबी खिशात घालून निघून आले. घरी कवळी घातली तर खालचा जबडा मिटेना.

दवाखान्याच्या खिडकीवर सांगण्यात आलं की त्यांचं वाटप झालेलं आहे, आता नवी कवळी नाही. मेघानं वाट काढली. ही कवळी आपली नाही असं लिहून ती प्रतिष्ठानाला परत पाठवा, पोच आणून दाखवा, मी पुन्हा माप घेते, असं ती म्हणाली. साळवे हो हो म्हणाले. दातांच्या मोबदल्यात फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या. पण एवढ्या मोठ्या माणसानं दिलेले दात परत कसे करायचे? पुन्हा मसुदे झाले, पुन्हा फाटले.

मग एका दुपारी स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, पानोपानी काकासाहेब. मधल्या पानावर साळवे उघडी डबी घेऊन बोळक्या तोंडानं हसत होते. पारूबाईनं रेडिओ बंद केला.

"काय आलंय? वाचा की."

त्यांनी वाचलं. तिला कळेना, म्हणून पुन्हा मोठ्यानं वाचलं. "काकासाहेबांनी मला नुसते दात नव्हे, वाणी दिली. संघपाल साळवे, ग्रंथप्रेमी."

"हे तुम्ही लिव्हलं व्हय?"

"नाही."

"दात बी दुसऱ्याचे, बोल बी दुसऱ्याचे," ती म्हणाली. "तुमचं सोताचं काय उरलं मंग?"

साळवे उठले. या खेपेला मसुदा केला नाही. प्रतिष्ठानाचंच पत्र उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहिलं:

"आपल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमा असावी. मला दिलेले दात माझे नाहीत. माझ्या नावाने छापलेली ओळही माझी नाही. दात परत पाठवत आहे. ज्याचे असतील त्याला द्यावेत, समारंभ करू नये. पोच द्यावी, मला दवाखान्यात दाखवायची आहे."

लिहून झाल्यावर 'क्षमा असावी' खोडायचं त्यांच्या मनात आलं. पण उशीर खरंच झाला होता, म्हणून राहू दिलं.

पोस्टात निशा नावाची मुलगी पार्सलं घेत होती. चंदेरी डबी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरी बांधून साळव्यांनी पुढं सरकवली. आत काय आहे, तिनं विचारलं.

"दात," साळवे म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. रांगेत माणसं होती, सगळी बघत होती. त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं सांगितलं, "दात. दुसऱ्याचे."

रांगेत कुणीतरी हसलं. निशानं पार्सल तोललं, शिक्का मारला आणि पावती त्यांच्या हातात दिली.